हिरा ओव्हाळ आणि एकसष्ट सागरी मैल

हिरा,

तुझ्यावर लिहू का असं विचारलं, तर म्हणालीस, "लिहा, पण पोरीचं नाव बदला." बदललं आहे. तुझंही बदललं आहे. आता कुरकुर नको.

यातलं निम्मं तुला पाठ आहे. ते वाचणाऱ्यांसाठी आहे, तू ओलांडून पुढे जा. पण त्या सोमवारी दुपारी माझं काय झालं होतं, ते मी तुला धड कधी सांगितलं नाही. तेवढं मात्र वाच.

तू माझ्याकडे आलीस की आधी जिन्याच्या लोखंडी कठड्यावर उघडा तळहात ठेवतेस, मग बेल वाजवतेस. शेजारच्या सुशीलाबाईंना वाटायचं, तुला धाप लागते. एकदा त्यांनी तुला लिंबूपाणी आणून दिलं आणि तू ते निमूट प्यायलीस. धाप वगैरे काही नाही. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तू विसाव्या वर्षी लागलीस. तिथं स्फोटकांच्या खोलीत शिरण्याआधी दाराजवळच्या तांब्याच्या पट्टीला हात लावायचा असतो, म्हणजे अंगावर साठलेली वीज जमिनीत उतरते. छत्तीस वर्षं रोज तेच. हाताला आता विचारावं लागत नाही.

बांगड्या, मंगळसूत्र, केसांतल्या पिना सगळं बाहेर. अंगावर फक्त सुती कपडे. आणि कामाला हात लावण्याआधी भिंतीवरचा सूचनांचा कागद वाचायचा. रोज तोच कागद, रोज पहिल्या ओळीपासून, कारण मध्ये एखादी ओळ बदललेली असू शकते. कागदाच्या तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख असते. तारीख नसेल तर काम सुरू करायचं नाही, मागे साहेब उभा असला तरी. नवा कागद आला की जुना फाडायचा नाही. त्यावर लाल शाईनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट मारायची आणि फायलीत लावायचा. आणि काट कोणी मारायची, तर ज्यानं तो कागद लिहिला असेल त्यानंच.

"हा शुद्ध सरकारी बावळटपणा आहे," मी म्हटलं होतं.

"असेल बाई. पण दहाही बोटं जागेवर आहेत," तू म्हणालीस आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरलेस.

हे बोलणं संध्याकाळच्या कॉलेजातलं. मी तिथं नोकरी करणाऱ्यांना राज्यशास्त्र शिकवायची. तू पाळी संपवून सायकलवरून यायचीस, तिसऱ्या बाकावर बसायचीस आणि वहीच्या प्रत्येक पानावर वर कोपऱ्यात तारीख घालायचीस. शहाण्णव साली मी तो तास घेतला, देश समुद्रात कुठं संपतो त्याचा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल आपला समुद्र. पुढे चोवीस मैलांपर्यंत एक पट्टा, तिथवर कस्टमचा कायदा पोचतो, म्हणजे चोरट्या मालाचं जहाज अडवता येतं, झडती घेता येते. त्यापुढे दोनशे मैलांपर्यंत मासे आपले, तेल आपलं, पण कस्टमला तिथं काम नाही. तेव्हा हे अगदी बरोबर होतं.

तू हात वर केलास. "बाई, मग पंचविसाव्या मैलावर चोरटा माल दिला-घेतला तर?"

"तर चोर अभ्यासू आहे," मी म्हटलं.

वर्ग हसला. तू हसली नाहीस. लिहून घेतलंस.

तुझा रतन रिक्षा चालवायचा. निकिता बारा वर्षांची असताना तो काविळीनं गेला, आणि पुढे तू एकटीनं तिला वाढवलंस. पुण्याच्या पोरीला समुद्र कुठून सुचला हे मला अजून कळलेलं नाही. कारखान्यातल्या बायका म्हणाल्या, पोरगी बुडेल. तू म्हणालीस, "मी रोज दारूगोळ्यात जाते, मी कुठं उडाले?" जाताना तिला एकच शिकवण दिलीस. दिसेल ते लिहायचं, दिसेल तेव्हाच लिहायचं, खाली सही करायची. ती थर्ड ऑफिसर झाली, समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या एका लहान जहाजावर. पांढऱ्या गणवेशातला तिचा फोटो फ्रेममध्ये तुझ्या टीव्हीवर येऊन बसला.

मग गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. शुक्रवारची संध्याकाळ. बेल वाजली, मी दार उघडलं, तर तू आणि मागे निकिता. त्या दिवशी तू कठड्याला हात लावला नव्हतास. तिथंच मला कळायला हवं होतं.

"बाई, हे वाचा," म्हणालीस. कस्टमचं समन्स होतं. निकिता रतन ओव्हाळ यांनी एक मंगळवार सोडून पुढच्या मंगळवारी मुंबईच्या कार्यालयात हजर राहून जबाब द्यावा, जवळची कागदपत्रं आणावीत.

"आधी काय झालं ते सांग," मी निकिताला म्हटलं. "रडायचं नंतर."

"मॅम, मी वॉचवर होते. सकाळी आठ ते बारा. कॅप्टन म्हणाले, इंजिन बंद, आपण नुसते ड्रिफ्ट करतोय. मग दोन मासेमारी बोटी आल्या. पाइप टाकला. आमच्या टाकीतलं डिझेल त्यांना दिलं. बाहेरच्या देशात भरलेलं, ड्यूटी न भरलेलं."

"आणि तू?"

"लॉगमध्ये लिहिलं."

"काय लिहिलंस?"

"जे झालं ते. वेळ, पोझिशन, दोन बोटी, पाइप जोडला. कॅप्टन म्हणाले, खोड. मी नाही खोडलं. मग ट्रिप संपेपर्यंत माझ्याशी कोणी बोललं नाही, मॅम. जेवायला गेले की सगळे उठून जायचे. अंधार पडला की मी डेकवर जायचेच नाही. वाटायचं, कोणी मागून..."

तू तिच्याकडे पाहत होतीस, म्हणजे हे तूही पहिल्यांदा ऐकत होतीस.

"पोझिशन काय होती?" मी विचारलं.

"कोस्टपासून सिक्स्टी-वन नॉटिकल माइल्स."

एकसष्ट सागरी मैल म्हणजे एकशे तेरा किलोमीटर. मुंबईच्या किनाऱ्यावर उभं राहिलं तर पुणं पाठीमागे जेवढं लांब, जवळजवळ तेवढं ते जहाज समोर लांब. मला, खरं सांगते, आनंद झाला. मी उठले, कपाटातून माझी टिपणांची जुनी वही काढली आणि पान उघडून टेबलावर आपटलं.

"चोवीस! आणि ही होती एकसष्टवर. संपलं. त्यांना हिला बोलवायचा अधिकारच नाही."

तू पान पाहिलंस. मग वही उलटून मागचा पुठ्ठा पाहिलास.

"बाई, ही वही कधीची?"

"माझी आहे."

"ते दिसतंय. कधीची आहे? हे तुम्ही आम्हाला शहाण्णव साली सांगितलं होतं. माझ्याकडे तारीख आहे. त्यानंतर काही दुरुस्ती झाली का?"

"हिरा, समुद्र शहाण्णव सालीही तिथंच होता आणि आजही तिथंच आहे. तुमच्या भिंतीवरचा कागद नाही तो."

तेवढ्यात निकिताचा फोन वाजला. तिनं तो चटका बसावा तसा टेबलावर टाकला. कॅप्टनचा होता. मी तिला खूण केली, स्पीकरवर लाव.

"बेटा, घबराना नहीं," आवाज मऊ होता, देवळातल्या पुजाऱ्यासारखा. "बारह मील के बाद किसी का कानून नहीं चलता. सब लोग यही लिखके भेज रहे हैं, तुम भी भेज दो. जाना मत." मग थोडा थांबला. "माताजी विश्रांतवाडी में रहती हैं ना? अच्छा एरिया है. तीसरा माला, बिना लिफ्ट. घुटनों का खयाल रखना बोलो."

फोन बंद झाला. "मी त्यांना पत्ता कधीच दिला नव्हता," निकिता म्हणाली. तू हातातला कप खाली ठेवलास आणि हात पदरात घेतलेस.

"माणूस नालायक आहे," मी म्हटलं, "पण कायदा त्याला कळतो."

हे वाक्य मी बोलले. कोणाला खोटं वाटेल, पण बोलले.

मग मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, अर्धं पान, माझ्या ठेवणीतल्या तोऱ्यात. सदर घटना एकसष्ट सागरी मैलांवर, म्हणजे आपल्या कायद्याच्या हद्दीबाहेर घडली असल्यामुळे आपल्याला मला बोलावण्याचा अधिकार नाही, आणि मी हजर राहणार नाही. निकितानं सही केली. बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर तिनं नीट वाचलंही नाही. मी पाकीट चिकटवलं, वर पत्ता घातला आणि तुझ्या हातात दिलं.

"सोमवारी सकाळी स्पीड पोस्टानं. विसरू नकोस."

"हो बाई," म्हणालीस. पाकीट उलटंपालटं करून पाहिलंस, जणू तळाशी काही लिहिलेलं असेल.

रविवारी दुपारी मोटारसायकलवरून दोघे जण तुझ्या इमारतीपाशी आले. भैरू वॉचमनला विचारलं, "जहाजावरची मुलगी कुठल्या मजल्यावर राहते?" भैरू म्हणाला, "इथं पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, जहाज कुठलं यायला?" त्यांना घालवलं आणि मग धावत वर आला. त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता. तू लोखंडी कॉट ओढून दाराला लावलीस. निकिताचा फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसलास. हे सगळं मला फोनवर सांगितलंस, हळू आवाजात, भिंतींना ऐकू जाईल अशा भीतीनं, आणि म्हणालीस, "आता मीपण फोन बंद करते बाई. वाजला की पोरगी दचकते."

मी म्हटलं, "दार उघडू नका. उद्या पत्र गेलं की प्रकरण मिटेल."

आता तुला न सांगितलेलं.

सोमवारी सकाळपासून मला तुझा राग येत होता. "दुरुस्ती झाली का" म्हणे! चाळीस वर्षं शिकवलं मी. जेवताना राग, भांडी विसळताना राग. दोन वाजता ठरवलं, हिचं तोंड एकदाचं बंद करायचं. माझी जुनी विद्यार्थिनी नम्रता मुंबईत वकिली करते, कस्टमचीच कामं घेते. तिला फोन लावला.

"नम्रता, साधी गोष्ट. कस्टमचा कायदा समुद्रात चोवीस मैलांपर्यंत. बरोबर?"

"मॅडम, तुम्ही कुठल्या साली आहात?"

"कोड्यात बोलू नकोस."

"दोन हजार अठरात बदललं ते. आता कस्टमची हद्द दोनशे मैल. जहाज अडवा, झडती घ्या, अटक करा, सगळं तिथवर. शिवाय देशाबाहेर कोणी गुन्हा केला तरी हा कायदा त्याला लावता येतो, तेही तेव्हाच घातलं." मग ती थांबली. मला ती अठरा वर्षांची असल्यापासून ओळखते. "मॅडम, तुम्ही कोणाला काय सांगितलंत?"

"समजा, कोणी लेखी कळवलं, की मी समन्सला येणार नाही..."

"समन्स आलं की जावंच लागतं. आणि खरंच बोलावं लागतं. न जाणं हा वेगळा गुन्हा."

"आणि एकसष्ट मैलांवर घडलं, असं स्वतःच लिहून दिलं तर?"

"सगळे एकसारखंच लिहून गैरहजर राहिले, तर तपास करणारा काय समजेल? यांचं आपसांत ठरलेलं आहे. जो साक्षीदार झाला असता तो आरोपी होऊन बसेल. मॅडम? ऐकताय ना?"

ऐकत होते. पण आवाज लांबून येत होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला वाटतं की घाबरायचं ते घाबरून झालं. नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी घाबरले होते, पण तो माझ्या हातून आजारी पडला नव्हता. हे माझ्या हातचं होतं. माझ्या अक्षरात होतं. त्या पोरीची सही मी घेतली होती, माझ्या पेननं.

तुला फोन लावला. बंद. निकिताचा तांदळात. चपला घातल्या, कुलूप न लावता खाली उतरले आणि रिक्षा केली. आधी पोस्टात. धानोरी फाट्यापासून पुढे सगळं तुंबलेलं. रिक्षावाला म्हणाला, "आजी, उडवू का रिक्षा?" मी म्हटलं, "उडव." त्यानं नुसता हॉर्न वाजवला.

पोस्टाच्या खिडकीत एक तरुण होता.

"सकाळी एका बाईनं स्पीड पोस्ट टाकलं असेल. ते थांबवायचंय."

"पावती?"

"नाही."

"नाव काय त्यांचं?"

"हिरा ओव्हाळ. नाही, पाठवणार निकिता ओव्हाळ. मुंबईला. कस्टमला."

"आजी, पावती नाही म्हणजे माझ्याकडे काहीच नाही. आणि बॅग तीनला गेली."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी खिडकीची कड धरून उभी राहिले. मागचा माणूस म्हणाला, "झालं का तुमचं?" झालं होतं.

तुझे तीन मजले मी कसे चढले ते मला आठवत नाही. दार वाजवलं. आत काहीतरी पडलं आणि मग एकदम शांतता. दोन माणसं श्वास रोखून उभी आहेत हे बाहेरूनही कळतं.

"हिरा, मी आहे."

मी पुन्हा दार वाजवलं.

"अगं, मी! शहाण्णव सालची!"

कॉट ओढल्याचा आवाज आला. दार फटीएवढं उघडलं, तुझा एक डोळा दिसला, मग तू. निकिता मागे स्वयंपाकघराच्या दारात, हातात लाटणं घेऊन. मी चपलांसकट आत शिरून कॉटवर बसले.

"पोस्टात टाकलंस?"

तू पुढे होऊन दाराची कडी लावलीस.

"हिरा! टाकलंस का?"

"सकाळी गेले होते," तू म्हणालीस, मान खाली घालून, गृहपाठ न केलेल्या मुलीसारखी. "रांगेत उभी राहिले. खिडकीपर्यंत गेले. पाकीट पुढे केलं, आणि परत आले."

"का?"

"तुम्ही तारीख सांगितली नाहीत, बाई."

पाकीट टीव्हीवर होतं, निकिताच्या फोटोला टेकवून. मी ते पाहिलं आणि मला रडू आलं असावं, कारण तू पाणी आणायला धावलीस. मग मी सांगितलं. अठरा साल. दोनशे मैल. माझी वही कचरा आहे.

तू एक शब्द मला बोलली नाहीस. दुसरं कोणी असतं तर सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तू एवढंच विचारलंस, "दोनशे? म्हणजे आता तिला धरतील?"

कारण चूक कळल्यानं भीती गेली नव्हतीच. उलट आता पळवाट राहिली नव्हती. काल निदान एक खोटा आधार होता, तो मीच काढून घेतला. मी नम्रताला पुन्हा फोन लावला. ती म्हणाली, जायचं, सगळं खरं सांगायचं, आणि जहाजावरच्या नोंदीचा काही पुरावा असेल तर न्यायचा. लॉगबुक कॅप्टनच्या ताब्यात. त्यानं ते पान ठेवलं असेल की नाही देव जाणे.

"फोटो आहे," निकिता म्हणाली. "त्या पानाचा. मी त्याच दिवशी काढला होता."

"कुठं आहे?"

"तांदळात."

पुढच्या आठवड्यातला मंगळवार. सकाळच्या बसनं आपण तिघी निघालो. मागून एक काळी गाडी बराच वेळ येत होती, ती लोणावळ्यापुढे दिसेनाशी झाली. कोणाची होती कोणास ठाऊक, पण आपण तिघींनीही ती पाहिली होती. कार्यालयाच्या दारात नम्रता भेटली. निकिताला अकरा वाजता आत नेलं. दार बंद झालं.

त्या बाकावर आपण साडेपाच तास बसलो. समोर खिडकीला लोखंडी गज होते. दार किलकिलं झालं की तू उठायचीस, गजावर तळहात ठेवायचीस आणि परत येऊन बसायचीस. ओठांत त्रिसरण चाललं होतं, बुद्धं सरणं गच्छामि. मला तुझी माफी मागायची होती. त्याऐवजी मी "पोळीचा तुकडा तरी खा, इथं चक्कर येऊन पडलीस तर तुला उचलणार कोण," म्हणून तुला रागावले.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई बसली होती, कोकणातली असावी. तिचा नवराही आत होता. तू तिला आपल्या बाटलीतलं पाणी दिलंस. दोनच्या सुमारास दार उघडलं आणि एका चाळिशीच्या माणसाला दोघांच्या मधोमध चालवत बाहेर नेलं. बाईनं हाक मारली, "अवो!" त्यानं वळून पाहिलं नाही. जिन्यावरून पावलं उतरत गेली, ती मागे धावली, आणि तिची पिशवी बाकावरच राहिली. तू ती पिशवी मांडीवर घेऊन बसलीस. मी तुझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दोघी तिथंच कोसळलो असतो.

साडेचारला निकिता बाहेर आली. एकटी. आपल्या पायांनी.

"घरी जा म्हणाले. बोलावलं की यायचं, साक्षीला." मग ती तुझ्याकडे वळली. "आई, टेबलावर दोन पत्रं होती. एक कुकचं, एक बोसनचं, म्हणजे डेकवरच्या मुकादमाचं. सेम टु सेम. हद्दीबाहेर, अधिकार नाही, येणार नाही. बोसनना घरून आणलं आज. साहेबांनी मला विचारलं, तुम्ही असं पत्र का नाही पाठवलंत?"

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"खरं तेच. लिहिलं होतं, सही केली होती, आईनं पोस्टात टाकलं नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. मग माझ्यासाठी पाणी मागवलं. मग फोटो मागितला."

ज्याला चालवत नेलं तोच बोसन. त्याच्याही घरी कोणीतरी शिकलेलं माणूस असणार, जुन्या वहीतून पान काढून आपटणारं.

बाईची पिशवी आपण दारावरच्या शिपायाकडे दिली.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. खटला उभा राहायचा आहे. कॅप्टन जामिनावर बाहेर आहे. फोन थांबले, म्हणजे जवळजवळ थांबले. महिन्या-दोन महिन्यांनी अनोळखी नंबरवरून एकदा वाजतो आणि बंद होतो. निकिताला ऑगस्टमध्ये दुसरं जहाज मिळालं. गेली. तू जा म्हणालीस, आणि ती गेल्यापासून रोज रात्री कॉट दाराला लागते. तिचा फोन आला की कशी आहेस, जेवलीस का, हे नंतर. आधी विचारतेस, "किती मैलांवर आहेस?" ती आकडा सांगते. तू तो लिहून ठेवतेस, वर तारीख घालून. कितीही सांगितला तरी तुझा चेहरा सुटत नाही. दोनशेच्या आत असली तरी भीती, बाहेर असली तरी भीती.

परवा तू आलीस. कठड्यावर हात, मग बेल. चहा झाल्यावर मी विचारलं, "ते पाकीट कुठंय?"

"फायलीत."

"काट मारलीस?"

"मी कशी मारणार? ज्यानं लिहिलं त्यानं मारायची. तुम्हीच मारायची आहे. घेऊन येते म्हटलं होतं ना."

"मग आण की."

"आणते."

हे "आणते" तू सव्वा वर्ष म्हणते आहेस, दर वेळी, माझ्याकडे न पाहता. मी लाल पेन आणून टेबलावर ठेवलं, त्याची शाईसुद्धा आता वाळत आली असेल. तुझं घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. तू पाकीट आणत नाहीस, आणि मी ते न्यायला येत नाही.